अर्धा नंबर

नव्या पेठेच्या मागच्या बोळात माझं दुकान.
आत आलात की आधी चपला काढा,
बादलीत पाय बुडवा
आणि या काळ्या शहाबादीवर उभे रहा,
दोन्ही पायांवर, सरळ.
खाली बघू नका.
बघितलं की माणूस पाऊल आवळतो,
फोटोत पोट आवळतो तसं.

आता बाजूला व्हा. लवकर.
मे महिना आहे, सोलापूर आहे,
पाऊल वाचायला मला मोजून अर्धं मिनिट मिळतं.
आधी बोटं सुकतात, मग कड,
टाच तेवढी मागं रेंगाळते.

कुणाचं अख्खं उमटतं, थापलेल्या भाकरीसारखं,
मधे वळण म्हणून नाही.
कुणाची टाच इकडं, चवडा तिकडं,
मधली वाट कोरडी.
आणि सगळे विचारतात एकच, चांगला कुठला?
मी म्हणतो, तिसऱ्या किलोमीटरला
ज्याची आठवण येत नाही तो.

सनोबर नदाफ भरतीची तयारी करते,
पहाटे पार्क मैदानावर असते.
जुने बूट घेऊन ये म्हटलं होतं, घेऊन आली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, लाजत.
उलटे करून बघितले : आतली कड पार गेलेली,
बाहेरची अजून दुकानातल्यासारखी.
"सपाट आहे का ओ माझं पाऊल?
मेडिकलला काढून टाकतात म्हणं."
मी फरशीकडं बघितलं.
सुकली होती.
आतून आधार असलेला जोडा काढला,
पुढं अंगठ्याएवढी जागा आहे का दाबून बघितलं,
म्हटलं, रस्त्यावर दोन चकरा मारून ये,
डिपॉझिट नको.

नरसय्या येमूल भर दुपारी आले, त्यांना परत पाठवलं.
मामा, संध्याकाळी या, पाय सुजल्यावर.
सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो.
"चावला तर कळतंय कुठं मला?"
साखरेनं बोटं मुकी झालेली.
चाळीस वर्षं मागावर पाय मारले,
आता डॉक्टर म्हणतात, चाला.
दिवे लागल्यावर आले, स्टुलावर बसले.
त्यांचा पाय सांगत नाही
म्हणून मी माझा हात बुटात घातला,
कोपऱ्यापर्यंत, डोळे मिटून,
एकेक शिवण चाचपत.
उजव्यात करंगळीपाशी एक उंचवटा लागला.
हा नको, म्हटलं. दुसरा.
दुसऱ्याला अर्धा नंबर मोठा लागला.
"आयुष्यभर आठच घालत आलो की."
पाय पसरतो मामा, वयानं.
"मीच तेवढा आकसलो म्हण."

त्याच वेळी दारात रेवणसिद्ध.
बूट भावाचे, दोन नंबर मोठे,
पुढं चादरीच्या चिंध्या कोंबलेल्या.
बूट नको होता त्याला. लेस हवी होती,
तुटलेली हातात धरून आला होता, आणि पाच रुपये.
उद्या शाळेची तीन हजार मीटर.
तेवढ्या लांबीची लेस नव्हती माझ्याकडं,
पांढरी होती, आखूड, पोरींच्या सँडलची.

येमूल मामांनी हात पुढं केला. "आण इकडं."
दोन्ही टोकं ओली केली जिभेनं,
एकाचा फास, दुसरं त्यातून, मागून, खाली,
बोटांना डोळे लागलेच नाहीत.
ओढून दाखवली. हलेना.
मी म्हटलं, गाठ भोकातून जायची नाही मामा.
ते माझ्याकडं असे बघत राहिले
जसा मी बघतो
नुसता रंग बघून बूट मागणाऱ्याकडं.
"फणीतून जाते," म्हणाले,
"तुझं भोक काय मोठं लागून गेलंय."

गेली.
मग चिंध्या मी टाचेकडं सरकवल्या,
वरची शेवटची दोन भोकं, जी कुणीच वापरत नाही,
त्यांतून लेस उलटी घेऊन आवळली,
टाच आता उचलली जात नव्हती.
पळून दाखव म्हटलं.
पोरगं बोळातून जे सुटलं
ते पैसे द्यायलाही परत आलं नाही.

मामा अजून स्टुलावरच, एका पायात बूट.
"ह्याच्यात हात घाल की परत," म्हणाले,
"डावा राहिलाय."